फळीवर ठोकलेलं नाणं

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहू द्या. मला कोणाची मनधरणी करायची नाही. पण यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

रात्रबित्र नव्हती. उन्हाळ्यातली भर दुपार होती. रस्ता ओस पडलेला. आमच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात मी एकटी बसले होते.

बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं.

आतल्या कोपऱ्यात त्यांचं उंच स्टूल अजून तसंच आहे. त्यावर मी कधी बसत नाही.

बाबांची पारख कानाची. नाणं बोटाच्या टोकावर तोलायचं आणि कडेला पेन्सिलीचा हलका टोला द्यायचा. अस्सल चांदी लांब वाजते... आणि बोटात बारीक थरथर उतरते. साच्यात ओतलेलं बनावट नाणं नुसतं 'टक्' करतं. असं खोटं नाणं सापडलं की बाबा ते काउंटरमागच्या फळीवर खिळ्याने ठोकायचे, पुन्हा कोणाच्या हाती जायला नको म्हणून. त्या फळीचा त्यांना कोण अभिमान!

शेवटी शेवटी त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं. पण सांगणार कोण? वाघाला 'तुझे दात हलतात' म्हणायची कोणाची छाती होती?

त्या दुपारी मागच्या गल्लीतल्या शिंपीणमावशी आल्या. रुमालात गुंडाळलेलं एक चांदीचं नाणं घेऊन. त्यांच्या नवऱ्याला नाण्यांचं वेड. हे नाणं त्यांनी बाबांकडूनच घेतलेलं, बाबांच्या शेवटच्या दिवसांत. आता मावशींचे यजमानही गेले होते.

"उद्या प्रदर्शनात यांच्या नावाने ठेवतेय गं," मावशी म्हणाल्या. "मोठमोठे जाणकार येणार. एकदा बघून दे. गेलेल्या माणसाचं हसं व्हायला नको."

मी भिंग लावलं.

नाणं कडेवर फिरवून पाहिलं.

कडेवर बारीक रेघ होती, पार गोल फिरलेली. साच्याच्या दोन भागांचा सांधा. नाणं ओतीव होतं.

बाबांनी खोटं नाणं विकलं होतं.

तरी खात्रीसाठी ते बोटावर तोललं. टोला दिला.

टिंऽऽऽग...

लांब. स्वच्छ. खणखणीत.

मावशींचा चेहरा फुलला. "वाजलं की! तुझे बाबा चुकतील होय?"

पण माझ्या बोटात थरथर उतरलीच नव्हती. बोट मख्ख होतं.

आणि तो आवाज... माझ्या पाठीमागून आला होता.

मी वळून पाहिलं. स्टूल रिकामं.

पुन्हा नाणं तोललं. पेन्सिल कडेजवळ नेली... आणि तिथेच थांबवली.

टिंऽऽऽग...

"अगं..." मावशी मागे सरकल्या. "तू मारलंच नाहीस."

मी नाणं खाली कापडावर ठेवलं. दोन्ही हात मागे घेतले.

टिंग. टिंग. टिंग.

कोणी हुज्जत घातली की बाबा असंच वाजवत राहायचे. समोरचा गप्प बसेपर्यंत.

'अस्सल आहे' एवढं म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. बाबांचं नाव राहिलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी भरल्या सभागृहात मावशींच्या नवऱ्याला लोक हसले असते.

मग मात्र माझं डोकं फिरलं.

"वाजवा! हवं तेवढं वाजवा!" मी स्टुलाकडे तोंड करून ओरडले. "नाणं खोटं आहे, बाबा! तुम्हाला ऐकू येत नव्हतं. चुकलात तुम्ही!"

आवाज थांबला.

सगळेच आवाज थांबले. पंखा फिरत होता, पण त्याची घरघर ऐकू येईना. मावशींचे ओठ हलत होते, शब्द येईना. कानात कापसाचे बोळे कोंबल्यासारखं झालं... शेवटी बाबांना असंच होत असावं.

मग स्टूल करकरलं. कोणीतरी उठल्यासारखं.

हळूहळू पंखा ऐकू आला.

मी बाबांच्या कपाटातून तसंच दुसरं नाणं काढलं आणि मावशींच्या हातावर ठेवलं. "उद्या हे ठेवा. चूक दुकानाची आहे." मावशी रुमाल विसरून तशाच निघाल्या.

खोटं नाणं मी फळीवर ठोकलं. बाबांच्याच हातोडीने.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "जन्मभर माझ्यापुढे हार मानली नाही त्यांनी. तुझ्यापुढे मानतील?"

आरपार खिळा गेलेलं नाणं वाजत नाही. हे बाबांनीच शिकवलं मला.

तरी रोज संध्याकाळी शटर ओढायला गेले की फळीकडून येतो... टिंऽऽऽग.

भीती वाटते. का नाही वाटणार? पण मी शटर अर्ध्यावर सोडते, आत जाते आणि खिळ्यावर आणखी एक घाव घालते.

"खोटंच आहे, बाबा."

काल मात्र आवाज आलाच नाही.

मी फळीजवळ गेले. खिळा पार आत बसलेला. इतका आत मी कधी घातला नव्हता. हातोडी स्टुलावर होती.

आणि त्या नाण्याशेजारी एक नवा खिळा ठोकलेला होता...

रिकामा.

तेव्हा आठवलं. त्या दुपारी कपाटातलं नाणं मावशींना देताना मी ते वाजवून पाहिलंच नव्हतं. प्रदर्शनात काचेआड ते खपूनही गेलं असेल.

तो खिळा मी काढलेला नाही. आज मावशींकडे जाणार आहे. भिंग घेतलंय, पेन्सिल घेतलीय. चूक माझी निघाली तर ते नाणं मीच त्या खिळ्यावर ठोकेन, सगळ्यांदेखत. बाबांना जमलं नाही ते मला जमेल.

फक्त तिथे ते वाजलं आणि बोटात थरथरही उतरली, तरी वाजवतंय कोण, हे कसं ओळखायचं ते अजून कळत नाहीये.