विहिरीच्या तोंडातला बोळा

शेकोटीला जरा जवळ सरका, पोरांनो. ही ऐकीव गोष्ट नाही, आपल्या निहिराची आहे.

गेल्या वर्षी, सेत्सुबुनची, म्हणजे हिवाळ्याला निरोप द्यायच्या सणाची, आदली रात्र. निहिरा डब्यात भाताचे गोळे घेऊन पाळीला निघाला. मोरिओकाजवळच्या एका विद्यापीठाला जमिनीखालच्या उबेवर इमारती गरम करायच्या होत्या. त्यासाठी खोल बोअर मारून, नळीतून गरम पाणी फिरवत, जमीन किती ऊब धरते ते मोजणं चाललं होतं. पंप मध्येच थांबला तर केलंसवरलं सगळं मातीत. निहिराला एकट्यानं सोपवलेलं हे पहिलंच काम. तळहातावरच्या फोडासारखं जपत होता बिचारा.

बोअरशेजारी जमिनीतून हातभर बांबू वर आलेला होता. तिथं जुनी विहीर बुजवलेली. बुजवताना असा पोकळ बांबू ठेवतातच, विहिरीला श्वास घ्यायला. म्हातारे मिस्त्री ओबारासान बजावून गेले होते, "त्याला हात लावू नकोस रे. लावायचाच झाला तर आधी मीठ आणि तांदळाची दारू, साके, ठेव, विहिरीला सांग."

निहिरानं मान डोलावली. पण बांबूतून गार हवा यायची आणि याला आपल्या आकड्यांची काळजी. मोजणी सुरू व्हायच्या आधीच, ओबारासानची पाठ फिरताच यानं बांबू जमिनीलगत कापला, तोंडात कापडाचा बोळा कोंबला आणि वरून गरम पाण्याच्या नळ्या नेल्या. शिकलेला माणूस, म्हाताऱ्याचं कशाला ऐकेल.

मध्यरात्र उलटली. निहिरा केबिनमध्ये आलेख बघत बसला होता. रेघ सरळ चालली होती.

तेवढ्यात बाहेर कुणीतरी श्वास घेतला.

लांब... आत ओढलेला.

सोडल्याचा आवाज काही आला नाही.

त्यानं दार उघडलं. नुसतं बर्फ. त्यावर एक पाऊल नाही.

"ओबारासान?"

पुन्हा तोच आवाज. पायाखालून. नुसता आत... आणि या खेपेला निहिराच्या छातीतली हवाही त्याच्याबरोबर गेली. तो तोंड वासून उभा. आत काही येईना.

बोळा काढायचा तर नळ्या उचलायला हव्यात. त्यासाठी पंप बंद. एवढ्या दिवसांची मोजणी... बटणावर हात थबकला. डोळ्यांपुढे अंधारी आली.

त्यानं पंप बंद केला. रांगत गेला. नळ्या उपसल्या. बोळा ओढला.

खालून श्वास सुटला.

सुटतच राहिला...

सकाळी ओबारासाननी त्याला उठवून बसवलं. रागावले नाहीत. मीठ आणि साके ठेवलं, नवा बांबू रोवला आणि मोजणी पहिल्यापासून लावली.

तो बघा, चहाची किटली घेऊन निहिराच येतोय. या थंडीत तुमच्या-माझ्या तोंडातून बोलताना वाफ निघते ना? तो बोलेल तेव्हा नीट बघा.

त्याच्या तोंडातून निघत नाही.

त्या रात्रीपासून.