नऊ पांढरे पंजे

हाताला बादली अडकवून भर रस्त्याने चालायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. पाळणाघरातल्या धाकट्या ताईवर ती आली. बादली लहान मुलांची, पिवळी, वर हसऱ्या बदकाचं चित्र. आणि आत घट्ट झालेल्या प्लास्टरमध्ये मनगटापर्यंत रुतलेला ताईचा उजवा हात. वाटेत फुलवाल्या मावशींनी विचारलं, "आजही पाणी गेलं का गं?" ताईने नुसती मान हलवली. खरं सांगण्यापेक्षा पाणी गेलेलं परवडलं.

कोपऱ्यावरच्या हाडांच्या दवाखान्यात डॉक्टर जेवायला गेले होते. प्लास्टरच्या खोलीत मात्र प्लास्टर घालणारा होता – उंच, चष्मेवाला, बाहीवर पांढरे डाग. त्याने आधी बादलीकडे पाहिलं, मग ताईकडे.

"कुठे पडलात?"

"पडले नाही."

"मग?"

"बुडवला," ताई छताकडे बघत म्हणाली. "मुद्दाम."

त्याने खुर्ची पुढे सरकवली. "बसा. सावकाश सांगा."

ताईने सांगितलं. नाताळला पाळणाघरातली मुलं आईबाबांना भेट देणार होती – आपल्या चिमुकल्या हाताचा ठसा, जन्मभर जपून ठेवायला. मुलांवर करण्याआधी स्वतःवर करून बघावं म्हणून तिने प्लास्टर कालवलं, हाताला तेल चोपडलं आणि...

"ते एक फार शहाणपणाचं केलंत," तो एकदम गंभीर झाला. "हे घट्ट होताना तापतं. पोराचा हात घातला असता तर भाजला असता."

ताईचा चेहरा उतरला. "मलाही गरम लागत होतं. मला वाटलं, भीतीनेच."

"पाणी दुप्पट ओतलंय तुम्ही, म्हणून निभावलं. काही काही चुका माणसाला वाचवतात." त्याने भिंतीवरची छोटी करवत काढली. "घाबरू नका. ही कातडी कापत नाही, नुसती थरथरते."

"मीही."

तो हसला. मोठ्याने नाही, पण चष्म्याच्या कडेने बाहेर येईल इतकं.

"बदक वाचेल का?" तिने विचारलं. "बादली पाळणाघराची आहे."

"प्रयत्न करतो. नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगा."

बदक वाचलं नाही. हात मात्र सुखरूप निघाला, लालबुंद आणि ओला. त्याने तो कोमट पाण्याने धुतला, पुसला, एकेक बोट हलवायला लावलं. पाचही बोटं हलली. मग त्याने ती पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतली.

"हे झालं होतं," ताई म्हणाली.

"खात्री केलेली बरी," तो म्हणाला. त्याचे कान मात्र तिच्या हातापेक्षा लाल झाले होते.

निघताना त्याने सोपी युक्ती सांगितली. मुलांचा हात कणकेच्या मऊ गोळ्यावर दाबायचा, हात धुऊन मुलांना लांब न्यायचं, आणि मग त्या खळग्यात प्लास्टर ओतायचं. "म्हणजे प्लास्टरला मुलं शिवणार नाहीत आणि मुलांना प्लास्टर. हवं तर... मी येऊन दाखवतो. शनिवारी माझी सुट्टी असते."

"तुमची सुट्टी कशाला वाया घालवता?"

"बादली फोडलीय ना तुमची. भरपाई."

ताई परत जाताना फुलवाल्या मावशी म्हणाल्या, "आलं वाटतं पाणी. चेहरा बघ कसा धुतल्यासारखा झालाय."

आता पाळणाघराच्या मोठ्या बाईंबद्दल सांगायला हवं. बाई मनाने चांगल्या, पण मागच्या नाताळात ताईने मुलांकडून चमकी लावलेली भेटकार्डं करून घेतली होती आणि ती चमकी जूनपर्यंत गाद्यांत, दुधात आणि बाईंच्या केसांत सापडत होती. यंदा बाई सरळ दुकानातून कप आणणार होत्या. ताईने हातापाया पडून परवानगी काढली होती. "ठीक आहे," बाई म्हणाल्या होत्या, "पण या वेळी घोळ झाला तर पुढे जन्मभर कप."

आणि एक गोष्ट होती गोटूची. गोटू दोन वर्षांचा, गोल, अबोल. आई कामासाठी समुद्रापार गेलेली. आजोबा त्याला सकाळी हाताला धरून आणत आणि संध्याकाळी हाताला धरून नेत. आजोबांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बेटा, गोटूचा हात जरा नीट उमटव. तिला पाठवायचाय. फोनवर चेहरा दिसतो गं त्याचा रोज. हात धरता येत नाही."

शनिवारी प्लास्टरवाला आला. मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालताना ज्याला कधी घाम फुटला नव्हता, तो दोन वर्षांच्या नऊ जणांसमोर पाच मिनिटांत घामाघूम झाला. एकाने कणीक खाल्ली. एकीने त्याच्या बुटाची नाडी खाल्ली. पोपट नावाने ओळखली जाणारी, अडीच वर्षांची बडबडी मुलगी त्याच्या मांडीवर चढून बसली आणि चौकशी सुरू झाली.

"तू कोणाचा बाबा?"

"कोणाचाच नाही."

"का?"

प्लास्टरवाल्याने मदतीसाठी ताईकडे पाहिलं. ताई मन लावून कणीक मळत होती. कणीक केव्हाच मळून झाली होती.

"अजून कोणी विचारलं नाही," तो म्हणाला.

"ताईला विचार," पोपट म्हणाली आणि खाली उतरून आपल्या कामाला गेली.

हळूहळू ठसे जमले. गोटूची मूठ काही केल्या उघडेना. प्लास्टरवाल्याने जमिनीवर आडवं होऊन त्याच्यापुढे स्वतःचा पंजा ठेवला आणि तो तसाच राहू दिला. बराच वेळ गोटूने त्या पंजाकडे पाहिलं, मग आपला हात उघडून त्यावर ठेवला. ताईने तो अलगद उचलून कणकेवर टेकवला. पाच बोटं, पाच खळगे.

मुलं झोपली. मागच्या खोलीत दोघंच उरली. तो प्लास्टर ओतणार होता आणि ते ओलं असतानाच ताई काडीने मागच्या बाजूला नाव कोरणार होती. इतकं सोपं काम.

पण ओतता ओतता त्याचा चष्मा नाकावरून घसरला. दोन्ही हात पांढरे.

"अहो... जरा वर करता का?"

ताईने बोटाने चष्मा वर सरकवला. बोट तिथून लगेच निघालं नाही.

"दिसतंय आता?" तिने विचारलं.

"हो." तो ठशांकडे बघत नव्हता. "स्वच्छ."

"मग ओता ना."

"ओततोय."

"माझ्या चपलेवर ओतताय."

मग चप्पल धुणं आलं, हसणं आलं, मुलं उठतील म्हणून तोंडावर हात धरणं आलं. दवाखान्यातल्या गमती झाल्या, तिच्या लहानपणी मोडलेल्या दाताची गोष्ट झाली. तो गेला तेव्हा नऊ खळगे काठोकाठ भरून वाळत होते, आणि नाव कोरायची काडी तशीच कोरी पडली होती.

हे लक्षात आलं सोमवारी, कणीक सोलून काढल्यावर. पांढरेशुभ्र, गुबगुबीत, सुंदर नऊ पंजे. आणि कोणता कोणाचा, ते देवाला ठाऊक. संध्याकाळी पालक येणार होते.

ताईने दवाखान्यात फोन केला. "नावं," एवढंच म्हणाली.

पलीकडे करवतीची घरघर बंद झाली. "येतो," तो म्हणाला.

दोघांनी मुलांचे हात पंजांवर लावून पाहिले. प्रत्येक हात प्रत्येक पंजाला बसला. मुलांना हा खेळ फार आवडला. त्यांनी एकमेकांचे, ताईचे आणि खुर्चीचेही हात लावून पाहिले. तेवढ्यात मोठ्या बाई दारात उभ्या राहिल्या.

"नावं कोण घालणार होतं?"

"मी," ताई म्हणाली.

"माझी चूक आहे," तो म्हणाला.

"चूक कोणाचीही असो. दोन मोठी माणसं या खोलीत तासभर होती. करत काय होतात?"

दोघंही जमिनीकडे बघू लागली. पोपट मात्र त्या दिवशी झोपलीच नव्हती.

"ताई काकाला बघत होती," तिने सांगितलं. "काका ताईला बघत होता. मग चप्पल बुडली."

बाईंनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. ओठ घट्ट मिटून घेतले, पण ते रागाने मिटले होते की कशाने, ते ताईला कळेना.

"पालकांना काय सांगू?" बाई म्हणाल्या.

"खरं," ताई म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "मी सांगते. पण बाई, गोटूचा हात... तो आईकडे जाणार आहे. चुकून दुसऱ्याच कोणाचा गेला तर..."

संध्याकाळी कागदी चांदण्या टांगलेल्या खोलीत झाडाजवळच्या टेबलावर नऊ पंजे ओळीने मांडले. ताईने उभं राहून कबूल केलं – नावं घालायची राहिली, चूक माझी. प्लास्टरवाला तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, न बोलावता.

आधी कुजबुज झाली. मग एक आई पुढे आली, तिसरा पंजा उचलून म्हणाली, "हा आमचा. करंगळी बघा, बाहेर पळतेय. हिच्या बाबांसारखी." बाबांनी निमूटपणे आपली करंगळी दाखवली. एका आईने अंगठ्यावरची चोखून पडलेली खळी ओळखली. दोन वडील एकाच पंजावर अडून बसले. मजबूत आहे, म्हणजे आपल्याच पोराचा, असं दोघांचंही म्हणणं. शेवटी त्यांच्या बायकांनी तो तिसऱ्याच घरच्या मुलीला देऊन टाकला, आणि तिचाच तो निघाला.

जमलेल्यांत गोटूचे आजोबा सगळ्यांत शेवटी पुढे आले. एका घरचे अजून यायचे होते, म्हणून दोन पंजे उरले होते. आजोबांचा चष्मा घरी राहिला होता. आजोबांनी पहिला पंजा तळहातावर घेतला, बोटं मिटली, क्षणभर थांबले आणि खाली ठेवला. दुसरा घेतला. पुन्हा बोटं मिटली.

"हा," ते म्हणाले. "रस्ता ओलांडताना असाच असतो."

गोटूने वर पाहिलं, आजोबांच्या हातातल्या पंजावर आपला हात ठेवला आणि म्हणाला, "गोतू." नाताळच्या त्या संध्याकाळी तो बोलला तो एवढाच शब्द, पण पुरला. ताईने तोंड भिंतीकडे वळवलं. बाजूने कोणीतरी रुमाल पुढे केला. रुमालाला प्लास्टर लागलेलं होतं.

सगळे गेल्यावर मोठ्या बाई किल्ल्या घेऊन निघाल्या. "पुढच्या वर्षीही पंजेच करा," त्या म्हणाल्या. "नावं मी घालीन. तुम्ही दोघं आपलं बघा." आणि स्वतःच्याच शब्दावर हसत त्या जिना उतरून गेल्या.

ताई टेबल पुसत राहिली. तो चांदण्या उतरवत राहिला. सगळ्या उतरवून झाल्यावर त्याने एक परत टांगली.

"उद्यापासून मला इथे यायला काही कारण उरणार नाही," तो म्हणाला.

"कारण लागतं का?"

"आजवर दरवेळी होतं म्हणून... म्हणजे बादली होती, मग प्लास्टर, मग नावं. नुसतं यायची सवय नाही." त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला तुम्ही... तू आवडतेस. हे शनिवारीच सांगणार होतो. चप्पल मध्ये आली."

ताईचं फडकं थांबलं. त्या एका 'तू'ने खोली एकदम लहान झाली आणि उबदारही.

"पोपटने सांगितलेलं ऐकलंस ना सगळ्यांसमोर?" ती म्हणाली. "तिने माझं आधीच सांगून टाकलंय. आता मी वेगळं काय सांगू?"

"तुझ्या तोंडून ऐकलेलं बरं. खात्री केलेली बरी."

"आवडतोस," ती म्हणाली. "फार. झाली खात्री?"

"एकदा परत..."

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. आईचा होता.

"आई, निघतेच आहे. आणि ऐक, मी एकाला बरोबर घेऊन येतेय जेवायला."

"परत?" आई म्हणाली. मागेही एकदा कोणाचे आईबाबा उशिरा सुटणार होते, तेव्हा ताईने एक मूल घरी आणलं होतं. "बिचारं. रडतंय का?"

ताईने त्याच्याकडे पाहिलं. "नाही. हसतोय."

"नीट जेवतो ना? की भरवावं लागेल?"

"विचारते." तिने फोन बाजूला धरला. "आपलं आपण जेवतोस ना?"

"हो," तो म्हणाला.

"जेवतो म्हणे."

"अगंबाई, बोलतोही स्पष्ट. आवाज केवढा जाड आहे गं. कितीचा आहे?"

"तिशीचा," ताई म्हणाली.

पलीकडे पळी पडल्याचा आवाज आला.

"आई?"

"जरा सावकाश या," आई म्हणाली. "मी घर आवरते."