दोनपैकी एकच क्लच

फोन दामिनीने उचलला. रुपराव आंघोळीला गेले होते.

"बाबांना म्हणावं, वाडीच्या वर्कशॉपला या. गिअरबॉक्स पुन्हा जळलाय," गौरांगकाका म्हणाले. "आणि संध्याकाळी सहाला चावी आणून द्या. मी दुसरा ड्रायव्हर बघतोय."

फोन कट.

अकरा वर्षं रुपराव गौरांगकाकांच्या घरची गाडी चालवत होते. नवी ऑटोमॅटिक आली आणि आठ महिन्यांत दोनदा तिचा गिअरबॉक्स गेला. सोमवारी वाडीच्या रस्त्यावर ट्रकांच्या गर्दीत ती अडून बसली, तेव्हा स्टिअरिंगवर तेच होते. मग दोष कोणाचा?

"जाऊ दे वं," रुपराव म्हणाले.

"काहून जाऊ दे? मी येऊन राहिली तुमच्यासंग." दहावीचं पुस्तक तिने धाडकन मिटलं. तिच्याने एका जागी बसवेना.

वर्कशॉपमध्ये मेकॅनिक धम्मदीपने सगळं खोलून ट्रेमध्ये ठेवलं होतं.

"याच्यात दोन क्लच राहते," तो म्हणाला. "एक पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या गिअरचा. दुसरा दोन, चार, सहाचा. एक सुटला का दुसरा पकडते. भारी काम, पण नाजूक. गर्दीत घसटत नेली का जळते."

"गर्दीत कोणता गिअर लागते, भाऊ?" दामिनीने विचारलं.

"पहिला-दुसरा, पहिला-दुसरा."

"म्हणजे दोन्ही क्लच झिजले पाहिजे."

"हो."

"मग हा एक कोळसा झाला आन् दुसरा चकचकीत, असं काहून?"

धम्मदीपने ट्रेकडे पाहिलं. मग दामिनीकडे. "मागच्या वेळीही असंच होतं," तो हळूच म्हणाला.

"क्लच तापल्याचं कम्प्युटरमध्ये येते का?"

"येते ना. चार नोंदी आहे. चारही वेळा गाडी सुरू होऊन सात-आठ मिनिटंच झाली होती."

काकांच्या नंदनवनच्या घरापासून वाडी पाऊण तासाच्या वाटेवर. सात-आठ मिनिटांत ट्रकांची गर्दी कुठून येणार?

दामिनी गाडीत शिरली. दाराच्या कप्प्यात एक माचिस होती. काड्या भरलेल्या, डबी शाबूत. फक्त एका कडेला टायरचा काळा डाग.

"त्यांच्याकडे कोणी सिगरेट पिते का, बाबा?"

"कोणीच नाही."

"गाडी दुसरं कोणी चालवते?"

"नाही वं. पण दर सोमवारी मले सीट पुढं सरकलेली दिसते. वाटलं, धुणाऱ्यानं केली असन."

साडेपाचला दोघं नंदनवनला पोचले. तळघरातल्या पार्किंगमधून रस्त्यावर येणारा उभा चढ दामिनीने दोनदा चढून पाहिला. मग दोघं वर गेली. गौरांगकाका खुर्चीत बसले होते. सोफ्यावर गौरांगचे वडील, केशवराव, पेपर वाचत होते. बुटके, ताठ. बायपासनंतर डॉक्टरांनी त्यांना गाडीला हात लावायची मनाई केली होती.

"ऑटोमॅटिक काय, कोणीही चालवतं," ते पेपरमागूनच म्हणाले. "आमच्या काळी लायसन काढताना चढावर घाम फुटायचा."

रुपरावांनी चावी टीपॉयवर ठेवली. दामिनीने शेजारी माचिस ठेवली.

पेपर खाली आला.

"काका, रविवारी सकाळी तुम्ही कुठे असता?"

"बॅडमिंटनला. बाईकने जातो. का गं?"

"म्हणजे गाडी घरीच. आणि बाबांची सुट्टी." तिने तळहात चढासारखा तिरका धरला. "गाडी चढावर ब्रेक न दाबता फक्त ॲक्सिलरेटरवर धरून ठेवली, तर पहिल्याच गिअरचा क्लच घासत राहतो. दुसऱ्याला काही होत नाही. सात-आठ मिनिटांत तापतो. वाडीत नाही, काका. खाली, आपल्या पार्किंगच्या चढावर."

"पण असं कोण करेल?"

"ज्याला सीट पुढे घ्यावी लागते. ज्याने जुन्या काळी लायसन काढलं. बाबा सांगतात, तेव्हा चढावर मागच्या चाकाला माचिस लावून ठेवायचे. गाडी मागे आली, डबी चेपली, की नापास. म्हणून अर्ध्या क्लचवर गाडी तोलायची. त्या गाडीत ते चालायचं. या गाडीत क्लच जळतो." ती वळली. "आजोबा, डबीवरचा डाग तुमच्या टायरचा आहे."



"डबी कधी चेपली होती का?" केशवरावांनी विचारलं.

"नाही. एकदाही नाही."

"बाबा!" गौरांग उठून उभा राहिला.

"हात अजून शाबूत आहे का, तेवढंच बघत होतो," केशवराव म्हणाले. "गिअरबॉक्स त्याने जातो, हे खरंच ठाऊक नव्हतं. पण रविवारी मी गाडी काढतो, हे तर ठाऊक होतं. तू रुपरावला बोलत होतास आणि मी पेपर वाचत बसलो."

गौरांगने चावी रुपरावांपुढे सरकवली. त्यांनी ती उचलली नाही.

केशवराव सोफ्याचा हात धरून उठले. चावी घेऊन त्यांनी स्वतः रुपरावांच्या तळहातावर ठेवली. "चुकलो, रुपराव."

रुपरावांनी मूठ मिटली.

"रविवारी मी येत जाईन, काकाजी. डॉक्टर हो म्हणन तेव्हा चालवा. तोवर बाजूले बसा." मग त्यांनी माचिस दामिनीच्या हातात दिली. "हे घरी ने वं. चहा टाकाले कामी येईन."