एकेक नंबर

देवणीचा बसवंत पहिल्यांदा आला तेव्हा मी लातुरात उमाशंकरमामाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवर बसून भजी खात होते.

"मॅडम, गेमिंग पीसी हाय, सात वर्षं जुना. गेम लावला की नुसता धापा टाकायलाय. प्रोसेसर बदलायचाय. कोणता घेऊ?"

मी वर बघितलं… आणि भजं हातातच राहिलं.

शहाण्या बाईनं तेव्हाच सांगावं — बोर्डाचा नंबर, बायोस, पॉवर सप्लाय, कूलर, सगळं एकदम लिहून आणा. सगळ्या गिऱ्हाइकांना मी तसंच सांगते. याला मात्र म्हणाले, "बोर्डाचा नंबर आणा, मग बघू."

पुढच्या शनिवारी त्यानं तेवढाच नंबर आणला. मी बायोसचा मागितला. "बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, जुनं असलं की बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखच देत नाही."

"लई माणूसघाणा हाय की मग!"

"तुमचाच बोर्ड आहे."

"मग माझ्यावर गेला असंल," म्हणत तो कानापर्यंत लाजला.

मग पॉवर सप्लायचा. मग कूलरचा. देवणीहून दोन तासांची एसटी, एका नंबरासाठी! फोनवर सांगा असं मी कधी म्हणाले नाही, आणि त्यानंही कधी विचारलं नाही.

मग दोन शनिवार तो आलाच नाही. तिसऱ्या शनिवारी आला तो अख्खं कॅबिनेट घेऊन. बोटात नवी अंगठी होती.

"परवा साखरपुडा झाला. निलंग्याची हाय… आता येणं व्हायचं न्हाई. आज बसवूनच द्या."

"अभिनंदन," म्हणाले. मेलं, दुसरं काही तोंडात आलंच नाही.

मामा त्याला चहाला घेऊन गेले. मी कॅबिनेट उघडलं. झाकणाला आतून वहीचा कागद चिकटवला होता. बोर्ड, बायोस, पॉवर सप्लाय, कूलर… चारही नंबर, एकाच पेनानं लिहिलेले. वर तारीख होती, तो पहिल्यांदा येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

तो परत आल्यावर मी कागद पुढे धरला. "हे सगळं आधीपासून होतं तुमच्याकडं?"

"हाव."

"मग एकदम का नाही आणलंत?"

तो अंगठी फिरवत राहिला. "तुम्ही एकदम का न्हाई मागितलं?"

"कारण तुम्ही यावं असं मला वाटायचं!" म्हणाले एकदाची! सहा शनिवार उशिरा…

"मलाबी यायचंच व्हतं, अंबिका." पहिल्यांदाच त्यानं नाव घेतलं. "आईनं इचारलं, हाय का कुणी मनात? मी म्हणलो, माझ्या हाय, तिचं मला ठावं न्हाई."

मला रडू आवरेना. मान खाली घालून मी आधी बायोस नवं केलं, मग प्रोसेसर बसवला. बटण दाबलं. धाप नाही, घरघर नाही. पंखा शांत फिरत होता.

त्यानं कॅबिनेट उचललं. दारात थांबला. "पुन्हा बिघडला तर…?"

"नाही बिघडणार," मी म्हणाले. इतकं चोख काम केलं होतं मी, आग लागो माझ्या हातांना.