चार नावं म्हणालीस तू

ही गोष्ट माझ्याच बाबतीत घडली आहे. मित्राच्या मित्राकडून ऐकलेली नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण खाली पुरावा मागत बसू नका. पुरावा आहे, आणि तो आई रोज ऐकते.

माणसांची नावं मुद्दाम टाळली आहेत. त्यातलं एक तर मला टाळावंच लागतंय.

रात्र नव्हती, लाइटही गेले नव्हते. रविवार होता, दुपारचे साडेतीन. खोलीत भरपूर उजेड होता आणि दोरीवर माझा कामावरचा कोट वाळत होता.

मी चष्म्याच्या काचा घासायचं काम करते. याच कामाची नोकरी जर्मनीत मिळत होती, फक्त बोलण्याची परीक्षा पास व्हायला हवी होती. म्हणून एका ऑनलाइन ग्रुपमध्ये शिरले. आम्ही पंचवीसेक जण आणि शिकवायला एक रिटायर्ड बाई.

बाईंची पद्धत वेगळी होती. व्याकरण नंतर, आधी घरातली माणसं. दर रविवारी एकाने आपल्या घराण्याची माहिती जर्मनमध्ये सांगायची. त्याने एक नाव घेतलं की सगळ्यांनी माइक चालू करून ते मोठ्याने म्हणायचं आणि ग्रुपच्या तक्त्यात लिहायचं.

त्या रविवारी माझी पाळी होती. माझ्याकडे तीन नावं होती. आजोबा, बाबा, आई.

खरं तर चार हवी होती.

मला एक दादा होता. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तो बोलताना अडखळायचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्याच नावावर. पहिलं अक्षर घशात अडकायचं. मग तो तळहाताने मांडीवर मारायचा... थप... थप... थप... आणि तिसऱ्या थापेला नाव बाहेर पडायचं. आई हातातलं काम न सोडता म्हणायची, "सावकाश. घाई नाही."

पाचवीत मी त्याच्या शाळेत गेले. पहिल्याच दिवशी मुलींनी विचारलं, "तो अडकत बोलतो, तो तुझा भाऊ का गं?"

"छे! मला कुणी भाऊबिऊ नाही."

दादा मागेच उभा होता. मी घरी विसरलेली पाण्याची बाटली घेऊन.

त्याने बाटली पायरीवर ठेवली आणि गेला. घरी एका शब्दाने बोलला नाही. पुढच्या वर्षी तो तापाने गेला. त्याची माफी मागायची राहिली ती राहिलीच. तेव्हापासून मी त्याचं नाव घेणंच सोडलं. आईला वाटायचं, पोरीला दुःख सहन होत नाही. मी तिला तसं वाटू दिलं.

आणि आता पुन्हा तेच करणार होते. भाऊ होता म्हटलं की पुढचे प्रश्न आले. त्यापेक्षा "मला भावंडं नाहीत" हे वाक्य पाठ करायला सोपं. मी स्वतःची अशी समजूत घातली होती.

शनिवारी कामावरून आल्यावर फोनवर रेकॉर्ड करून सराव केला. परत ऐकलं. तिन्ही नावं नीट आली होती. मग "मला भावंडं नाहीत."

आणि मग...

थप.

वरच्या मजल्यावर कुणीतरी गादी झटकत असेल, असं वाटलं. पुन्हा रेकॉर्ड केलं.

थप... थप.

वर गेलं वर्षभर कुणी राहत नाही, हे मला जेवताना आठवलं. घास तोंडातच फिरत राहिला.

रविवारी मी पोपटासारखी बोलले. आजोबांचं नाव घेतलं, सगळे म्हणाले. बाबांचं, आईचं. मग ते शेवटचं वाक्य म्हटलं आणि माइक बंद केला.



स्क्रीनवरचे सगळे चेहरे पुढे झुकले होते. जणू कुणाचं तरी बोलणं अजून संपलेलं नाही. आमच्यातली नर्स मान हलवत होती, पेशंटला धीर द्यावा तशी. मला मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. पंख्याचा आवाजसुद्धा नाही...

आणि मग पंचवीस जण एकदम म्हणाले. दादाचं नाव.

मी माइक पुन्हा चालू केला.

"काय गं," ग्रुपमधला बेकरीवाला हसत म्हणाला, "बाकी सगळं फाडफाड बोललीस आणि भावाच्या नावावर एवढी अडखळलीस? आणि टेबल कशाला बडवत होतीस?"

"मी... मी तीनच नावं घेतली."

"चार म्हणालीस तू," बाई म्हणाल्या. "तक्त्यात बघ ना."

तक्त्यात दादाचं नाव पंचवीस वेळा होतं. प्रत्येकाने लिहिलेलं. या ग्रुपमधल्या एकाही माणसाला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

संध्याकाळी बाईंनी वर्गाचं रेकॉर्डिंग पाठवलं. मी फोन कानाला लावून ऐकलं. "मला भावंडं नाहीत" या वाक्यानंतर एक लांब श्वास. मग जर्मनमध्ये, "माझ्या भावाचं नाव..." आणि अडकलेलं पहिलं अक्षर. थप... थप... थप... आणि नाव.

आवाज माझाच होता. अडखळणं त्याचं होतं.

फोन हातातून निसटला, स्पीकर चालू झाला आणि तेवढा तुकडा पुन्हा वाजला. आई दारात उभी होती. तिला जर्मन येत नाही, पण ते नाव तिला कळायला भाषा लागत नव्हती. ती खाली बसली.

"घेतलंस गं बाई नाव," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "इतक्या वर्षांनी. सगळ्यांसमोर घेतलंस. मला वाटायचं, तू त्याला विसरलीस."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी घेतलं नाही, आई. मी तर तो नव्हताच असं सांगितलं. दुसऱ्यांदा.

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मी तो फिरवू दिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

परीक्षेला मी गेलेच नाही. तिथला पहिला प्रश्न घरच्यांबद्दल असतो.

आई रोज चहा झाल्यावर ते रेकॉर्डिंग ऐकते. काल ऐकून झाल्यावर म्हणाली, "आता एकदा माझ्यासमोर म्हण. फोनमधलं नको, तुझ्या तोंडून."

या वेळी खरंच म्हणायचं होतं हो. त्याचं नावही, आणि शाळेतलं सगळंही. मी तोंड उघडलं. पहिलं अक्षर घशात अडकलं ते अडकलंच. माझे दोन्ही हात कपाभोवती होते.

थप...

आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

थप...

"सावकाश," ती म्हणाली. "घाई नाही."

ती माझ्याशी बोलत होती की नाही, ते मी अजून तिला विचारलेलं नाही.