विसावा रकाना

थुंकी केतकीची, नळी केतकीची, नावही केतकीचंच; मग तिच्या निकालात दुसरा माणूस आला कुठून?

त्याचं असं झालं. बारावं लागलेल्या प्रत्येक मुलाची शाळेत जनुकतपासणी व्हायची. (जनुक म्हणजे शरीर कसं घडवायचं, कसं चालवायचं, याची पेशीत लिहिलेली सूचना.) अर्जात वीस रकाने होते. विसाव्यापुढे ‘मोठेपणी होणारे आजार, घरी विचारूनच भरा’ असं स्पष्ट छापलं होतं. पण कोराटेबाईंनी पहिलीपासून बजावलेलं, एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही! केतकीबाईंनी वीसच्या वीस रकान्यांत खुणा ठोकून दिल्या. आता घरातल्या पडद्यावर शाळेची यंत्रपरिचारिका सखू विचारत होती, “विसाव्याचा निकाल तयार आहे. त्यातून आणखी एका माणसाबद्दल कळू शकतं. त्यांना विचारलंस?”

“हे काय नवीनच!” केतकी आजोबांकडे वळली. हे तिच्या आईचे वडील. उभा जन्म त्यांनी जनुकांचा अभ्यास केला होता, आणि गेली पाच वर्षं त्यांचेच हातपाय आपोआप झटके देत होते. त्यांच्या वडिलांनाही हाच आजार होता. औषध अजून नव्हतं.

आजोबांचा चेहरा खर्रकन उतरला. “उघडलास निकाल?”

“नाही अजून.”

ते अडखळत, सावकाश सांगू लागले. “प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक बाबांकडून. या आजाराच्या जनुकाची माझी एक प्रत चांगली, एक बिघडलेली; आजाराला तेवढी एक पुरते. तुझ्या आईला त्यांतली एकच मिळाली. कुठली?”

“काय माहीत! छापा-काटाच की तो.”

“बरोबर. तुझ्या बाबांच्या घराण्यात हा आजार नाही. आता तुझ्यात बिघडलेली निघाली, तर ती कुठून आली?”

“आईकडून. म्हणजे आईलाही...”

“होणार. तिने तपासणी करून घेतलेली नाही. उपाय नसलेली गोष्ट जाणून न घेण्याचाही माणसाला हक्क असतो, बाळ.”

“आणि माझ्यात नसली तर?”

“तर तू सुटलीस. तिचं मात्र काहीच कळणार नाही.”

सुटलीस! केतकीला तो निकाल हवा होता, अगदी हवा होता. नुसतं पडद्यावर बोट ठेवायचा अवकाश. मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि रडू फुटलं. “सखू, नको. बंद कर.”

“तू अठरा वर्षांची होईपर्यंत कुलूपबंद,” सखू म्हणाली.

संध्याकाळी आई आली, तेव्हा केतकीने सगळं सांगून टाकलं. आई तिच्याशेजारी येऊन बसली.

“मी रोज सकाळी उठते, बघावं का म्हणते,” ती म्हणाली, “आणि ठरवते, आज नको.”

“आजोबा, औषध निघेल ना?”

“काम चाललंय. मला उशीर झाला. तुम्हाला कदाचित होणार नाही.”

“मग निघालं की आपण दोघी एकदमच बघू,” केतकी म्हणाली.

आईने तिला जवळ ओढलं. “आणि नाहीच निघालं तर?”

“तर रोज सकाळी मला उठव,” केतकी म्हणाली. “आज नको, असं दोघी मिळून ठरवू.”