सुमती कुंभोजे यांची निर्यात

इचलकरंजीतल्या एका कापड कारखान्याचे माग एका गुरुवारी पाया खणून उचलले गेले. महिन्याभरात ते समुद्रापलीकडे, उत्तर संघातल्या वेस्ताद शहरात पुन्हा खडखडायला लागणार होते. गावाने याचं फारसं नवल केलं नाही. सर्वमुक्त करार होऊन एक पिढी उलटली होती. माल आणि पैसा यांना कुठेही अडवायचं नाही, असं या करारात सगळ्या देशांनी एकमेकांना लिहून दिलं होतं. जकात नाही, तपासणी नाही, खोळंबा नाही. माणसांबद्दलची कलमं मात्र नेमकी उलटी होती. कारखाने निघाले की कामगारही त्यांच्या मागोमाग निघतील, या धास्तीने प्रत्येक देशाने आपापली दारं आतून लावून घेतली होती. त्यामुळे कापूस, कोळसा आणि कर्ज जगभर हिंडत होतं आणि माणूस जिथे जन्मला तिथेच बसून होता.

सुमतीबाई कुंभोजे यांनी त्या मागांवर निम्मं आयुष्य काढलं होतं. माग गेल्याचं त्यांना दुःख होतंच, पण खरी जळजळ वेगळी होती. वेस्तादमध्ये त्यांची मुलगी त्रिशला राहत होती. परिचारिकांना मोजके परवाने मिळत त्या काळात ती तिकडे गेली, तिथल्याच मुलाशी तिने लग्न केलं. तिने एक दिवस जरी तो देश सोडला असता, तरी तिचा राहण्याचा हक्क संपला असता. तिची मुलगी इला जन्माने तिकडची, म्हणून तिला इकडे यायला परवाना नव्हता. मायलेकी रोज पडद्यावर बोलत. पण पडद्यावरच्या नातीला न्हाऊ घालता येत नाही, आणि सुमतीबाईंना तेवढंच हवं होतं.

माग नेणारे ट्रक अडवायला फाटकापाशी पाचसहा माणसं बसली होती. ते कोल्हापूरचं अराज्य मंडळ. अराजक म्हणजे गोंधळ, असं आपण समजून चालतो आणि मंडळाचे डॉ. यशोधर टिपणीस त्यावर हमखास चिडत. कुणीही कुणावर राज्य करू नये आणि एकत्र करायची कामं सगळ्यांच्या संमतीने करावीत, एवढंच त्यांचं म्हणणं. मंडळाला अध्यक्ष नव्हता, मतदान नव्हतं. एकाचीही हरकत असेल तर निर्णय पुढे ढकलला जाई. त्या दिवशी ट्रकच्या आडवं झोपायचं की नुसतं बसायचं यावर एकमत होईपर्यंत ट्रक निघून गेले. सुमतीबाईंनी या मंडळींना पाणी आणून दिलं आणि त्यांचं भांडण कशाशी आहे, असं विचारलं.

"जग एक होण्याशी माझं भांडण नाही," डॉक्टर म्हणाले. "ते फक्त पैशासाठी एक झालंय, याच्याशी आहे. सरकारं मागे हटली असं आपल्याला सांगतात. ती बाजारातून हटली आणि सगळीच्या सगळी जाऊन सीमेवर उभी राहिली."

सुमतीबाईंनी त्या दिशेला हात केला जिकडे ट्रक गेले होते. "माझा माग माझ्या लेकीच्या गावाला चाललाय. त्याला कुणी इचारलं न्हाई, तू कुठला, कशाला आलास. मग मला का इचारत्यात?"

 टिपणिसांच्या प्रयोगशाळेत याचं एक उत्तर पडून होतं.

जुन्या कौलांवरच्या शेवाळात एक आठ पायांचा जीव राहतो, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा. शेवाळ वाळलं की तोही वाळतो, पण मरत नाही. शरीरातलं पाणी जसं कमी होत जातं, तसा तो स्वतःभोवती आणि स्वतःच्या आत एक संरक्षक रस तयार करतो. पक्का पाक थंड झाला की काचेसारखा होतो, तसा हा रस घट्ट होतो आणि पेशीतला प्रत्येक कण आहे तिथे थांबतो. श्वास नाही, वाढ नाही, म्हातारपणही नाही. पुन्हा पाणी मिळालं की जीव उठून चालायला लागतो, मधे किती वर्षं गेली याचा त्याला पत्ता नसतो. माणसाच्या शरीरात असा रस तयार करण्याची युक्ती टिपणिसांनी शोधली होती आणि तिला शुष्कनिद्रा असं नाव दिलं होतं. शोधावर हक्क न ठेवता त्यांनी तो सगळ्या जगाला फुकट देऊन टाकला होता.

कायद्यात मात्र एक भोक राहिलं होतं. ज्याचा श्वास चालू आहे ती व्यक्ती आणि ज्याच्या मृत्यूचा दाखला आहे ते प्रेत. शुष्कनिद्रेतला माणूस दोन्हींत बसत नव्हता. उरला तो माल, आणि मालाला कुणी अडवत नव्हतं.

मंडळाची बैठक झाली. डॉक्टरांनी धोके सांगितले, सुमतीबाईंनी ते नीट ऐकून घेतले. मला जागं कोण करणार, एवढंच त्यांनी विचारलं. माल ज्याच्या नावाने जातो तोच, म्हणजे त्रिशला, असं डॉक्टरांनी सांगितलं. जाग्या झाल्यावर पुढे काय, यावर डॉक्टरांचा हिशेब साधा होता. माणूस एकदा दारात उभं राहिलं, बोलायला लागलं, की त्याला धक्के मारून कोण काढणार? माणसांवर त्यांचा फार विश्वास होता. त्या दिवशी एकाचीही हरकत आली नाही. त्रिशलाही पडद्यावरून हो म्हणाली. झोपताना सुमतीबाईंनी नव्या धुवट कपड्याचं एक टोपडं हातात घट्ट धरलं होतं. ते इलासाठी होतं. मागांच्या शेवटच्या पेटाऱ्यांबरोबर त्यांची पेटीही जहाजावर चढली.

जहाज समुद्रात असतानाच सर्वमुक्त करार सांभाळणाऱ्या कचेरीने एक खुलासा काढला. निद्रिस्त व्यक्तींच्या वाहतुकीला कोणाचीही हरकत नाही, उलट तिचं स्वागत आहे. मात्र माल म्हणून ज्याची नोंद झाली त्याचं नाव नागरिकांच्या यादीतून आपोआप कमी होईल. असा माल जागा झाला तर तो ज्या देशात जागा होईल तिथला विनापरवाना माणूस ठरेल.

वेस्तादच्या मुक्त गोदामात त्रिशला कोमट पाण्याची पिशवी घेऊन आली तेव्हा तिथल्या निरीक्षकाने हे तिला शांतपणे समजावून सांगितलं. तुम्ही यांना कुठेही ठेवू शकता, कुठेही पाठवू शकता, असं तो म्हणाला. उठवू मात्र नका. यांनी श्वास घेतला की संध्याकाळच्या आत यांची रवानगी बिनदेशी माणसांच्या छावणीत होईल. आणि उठवल्याबद्दल तुम्हाला त्याच दिवशी देशाबाहेर जावं लागेल, एकटीला. इला तेव्हा तीन वर्षांची होती. त्रिशलाने पिशवी तशीच परत नेली.

मग मायदेशी परत पाठवावं, असं टिपणिसांनी सुचवलं. पण मायदेशाच्या यादीतही आता सुमतीबाई नव्हत्या. त्या कुठेही जाऊ शकत होत्या. डोळे उघडता येतील असा देश मात्र पृथ्वीवर एकही उरला नव्हता.

सीमा हास्यास्पद ठरवायला निघालेल्या टिपणिसांना या गोष्टीने आतून मोडलं. आपल्या शोधाने व्यवस्थेला हादरा बसेल असं त्यांना वाटलं होतं. व्यवस्थेने त्याचं दरपत्रक छापलं. वाहतूक कंपन्यांनी सहकुटुंब सवलती जाहीर केल्या. आज ना उद्या कायदा बदलेल या आशेवर माणसं झोपून निघाली आणि जगातल्या सगळ्या बंदरांतल्या गोदामांत रांगेने थांबून राहिली. सरकारांना त्यांचा त्रास नव्हता. झोपलेली माणसं काही मागत नव्हती.

मंडळ दरवर्षी सुमतीबाईंचा विषय चर्चेला घेई. त्यांच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवलेली असे. जिच्याबद्दल निर्णय, तिची संमती हवी, हा मंडळाचा पहिला नियम. कुणी म्हणे, लेकीला भेटायला त्या निघाल्या, तीच संमती. दुसरं कुणी म्हणे, छावणीत राहायची संमती त्यांनी कुठे दिली? त्यांनाच विचारू या, यावर सगळ्यांचं एकमत होई. पण विचारायचं तर उठवावं लागणार, आणि उठवणं हाच तर निर्णय. विषय पुढच्या वर्षावर जाई. टिपणीस घरी जाऊन न जेवता झोपत.

त्रिशला दर रविवारी गोदामात जात राहिली. सुरुवातीला ती इलाला बरोबर नेई. मुलगी काचेतून आजीकडे बघे आणि लवकरच कंटाळे. पुढे इलाला त्या जागेची लाज वाटायला लागली, आणि त्याहीपुढे ती शिकून दुसऱ्या शहरात स्थायिक झाली. समोर असलेल्या आईच्या बरोबरीचं वय गाठण्याचा प्रसंग फारसा कुणावर येत नाही, त्रिशलावर आला. एका रविवारी काचेत स्वतःचा चेहरा आणि मागचा आईचा चेहरा एकावर एक दिसले, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आता ती थोरली दिसते. त्या दिवशी ती खूप रडली. नंतर सवय झाली.

साठी ओलांडल्यावर तिला हृदयाचं दुखणं लागलं. तिच्यामागे पेटी इलाच्या नावावर गेली असती, किंवा कुणीच न्यायला आलं नसतं तर लिलावात. तिने टिपणिसांना पडद्यावर बोलावलं. ते आता पार थकले होते, त्यांना ऐकूही कमी येत होतं.

"डॉक्टर, इलाला आता माझी गरज नाही," ती म्हणाली. "मला बाहेर काढलं तरी चालेल. पण आईला छावणीत जावं लागेल. उठवू का नको, तुम्ही सांगा."

"मी कोण सांगणारा?" टिपणीस म्हणाले.  पण लगेच त्यांनी स्वतःलाच थांबवलं. "आयुष्यभर मी हेच वाक्य बोललो आणि त्याच्याआड लपलो. उठव तिला, त्रिशला. भेटायला निघाली होती ती. तिच्या वतीने आपण सगळ्यांनी फार वर्षं विचार केला."

पुढच्या रविवारी त्रिशलाने गोदामात पेटी उघडली आणि नळी जोडून कोमट पाणी सोडलं. निरीक्षक आता दुसरा होता, तरुण. त्याने पडद्यावर पाहिलं, कागद तयार करायला घेतले आणि माणुसकी म्हणून तासाभराने येतो असं सांगून दार ओढून घेतलं.

पाक विरघळायला लागला. ओठांवर ओल आली, बोटं हलली आणि टोपडं सैल होऊन खाली पडलं. सुमतीबाईंनी दोनदा खोल श्वास घेतला आणि डोळे उघडले. त्यांच्या लेखी मघाशीच डॉक्टर बाजूला उभे होते. आता त्यांच्या जागी पांढऱ्या केसांची, सुजल्या पायांची एक म्हातारी खुर्चीवर टेकली होती. सुमतीबाईंनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, पदर सावरला आणि वयाला मान देऊन हसल्या.

"आक्का, पोचलो न्हवं आपन?" त्यांनी विचारलं. "तुमी इथल्याच काय? माझी लेक यायची हाय मला न्यायला. त्रिशला म्हनून. दिसली काय कुठं?"

त्रिशलाने खाली वाकून टोपडं उचललं, झटकलं आणि त्यांच्या हातात परत दिलं. दाराबाहेर निरीक्षकाची पावलं वाजत होती.

"यायलीय," ती म्हणाली. "लांबनं यायचं हाय तिला. तवर मी बसते तुमच्यापाशी."